बुटांची आतली बाजू

फ्रुन्झे, ११ मार्च १९८४

आपा आणि अता यांना जिपाराचा सलाम.

तालाय बरा आहे, मी बरी आहे, बेर्मेत बरी आहे. तुमची तब्येत, मेंढरं आणि अतांचा गुडघा ठीक असेल अशी आशा करते.

दर पंधरा दिवसांनी नातीची हकिकत कळवायची असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणजे पुढे ती तुमच्याकडे राहायला आली की तिच्या सवयी तिलाच विचारत बसायला नकोत. त्याप्रमाणे लिहिते. दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज नोंदवही भरायची सवय आहे, त्यामुळे हेही नोंदवहीसारखंच होतं. राग मानू नका.

वय आठ महिने बावीस दिवस. वजन आठ किलो तीनशे. दात चार. रांगायला लागून दहा दिवस झाले, पण अजून फक्त मागे रांगता येतं. समोर खेळणं ठेवलं की त्याच्याकडे बघत बघत मागे जाते, आणि पलंगाखाली अडकली की आम्हालाच रागावते. चरबीचा तुकडा दोऱ्याला बांधून चोखायला दिला, आवडला. भाताची पेज आवडली नाही, ती तालायच्या शर्टाला आवडली.

झोपते फक्त तुम्ही पाठवलेल्या पाळण्यात, पट्टे आवळून बांधल्यावर. दवाखान्याच्या नर्सबाई दर महिन्याला घरी तपासायला येतात आणि पोराला बांधून ठेवणं त्यांना मुळीच पसंत नाही. म्हणून त्या दिवशी तालाय पाळणा उचलून शेजारच्या क्लावा मावशींच्या खोलीत नेतो. रिकामा पाळणा हलला तर वाईट, म्हणून आत कोबीचा गड्डा ठेवतो. मागच्या वेळी मावशींनी तो गड्डाही पट्ट्यांनी बांधून ठेवला होता.

तालाय एप्रिलपासून ड्रिलिंगच्या तळावर जाईल, तो सप्टेंबर संपेपर्यंत. मला एक जुलैला कामावर हजर व्हायचं आहे. पाळणाघराच्या यादीत आमचा नंबर एकशे चौदा आहे.

तुमची सून,
जिपारा


काराबुलाक, २६ मार्च १९८४

सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. मी मोठ्याने वाचलं, अता चामडं कापता कापता ऐकत होते. आठ किलो तीनशे ऐकून म्हणाले, चांगल्या कोकराचं वजन आहे. खूश झाले असं समज.

नर्सबाईला घाबरतेस कशाला? तिला माझ्याकडे पाठव. या घरात सात पोरं पाळण्यात बांधून वाढली, एकाचंही डोकं वाकडं नाही. अक्कल कमीजास्त आहे, पण त्यात पाळण्याचा दोष नाही. कोबी ठेवता ते मात्र बरोबर करता.

आता कामाचं. बेर्मेतच्या जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी आम्ही तुमच्याकडे चहाला बसलो होतो तेव्हा तालायने अतांना शब्द दिला. तू चहा ओतत होतीस, म्हणजे ऐकलंच असशील. पहिलं नातवंड आजीआजोबांचं, यात आपल्याकडे नवीन काही नाही. तालाय स्वतः थोरल्या आपांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे वाढला. पण मी घाईची बाई नाही. अंगावर पिणारं पोर ओढून न्यायला मी काही लांडगा नाही. तिला चालू दे. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा दोर मी वळून ठेवलाय. पोर चालली की तो तिच्या पायांना बांधायचा, गावातल्या मुलांची शर्यत लावायची, पहिलं येईल त्या मुलाने कापायचा. आणि मग ती माझ्या तंबूत.

आम्ही बारा जूनला मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर निघतो. त्याआधी चालली तर आमच्याबरोबर वर येईल. घोडीचं दूध, मोकळी हवा, तिकडच्या पाळणाघरात काय आहे, खोकला! नाही चालली तर मग आम्ही सप्टेंबरात उतरू तेव्हा. पण चालेल. तालाय दहाव्या महिन्यात चालला होता.

अतांनी तिच्यासाठी मऊ बूट शिवलेत. बसवाल्या जुमाशकडे देते. सोबत कुरुत आहे, वाळवलेल्या दह्याच्या त्या गोळ्या दातांनी फोडू नकोस, तुझे दात शहरी आहेत. चघळ.

बुरुल


फ्रुन्झे, २३ एप्रिल १९८४

तालाय,

काल दुपारी चार वाजता बेर्मेत चालली. पलंगापासून स्टुलापर्यंत चार पावलं. पाचव्याला बसली आणि कुणी ढकललं का ते आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं, म्हणून उठून पुन्हा निघाली. एकवीस पावलांनंतर मी मोजणं सोडलं. पायात अतांचे बूट होते.

पंधरवड्याचं पत्र आज तुझ्या घरी पाठवायचं होतं. पाठवलं नाही.

मला तिला द्यायचं नाही. हे एकदा स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढच्या पत्रात पुन्हा लिहायला नको. एकशे चौदावा नंबर, माझी नोकरी, तिकडची हवा, सगळं मला माहीत आहे. आपा तिला माझ्यापेक्षा चांगली वाढवतील हेही कदाचित खरं असेल. तरी नाही.

तू अतांना शब्द दिलास तेव्हा मी चहा ओतत होते. चहा ओतणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी मी अतांची वाटी काठोकाठ भरली होती. आपल्याकडे पाहुण्याची वाटी कधी काठोकाठ भरतात ते तुला कुणी सांगायला नको. पाहुण्याने आता उठावं, एवढाच त्याचा अर्थ. तुला दिसलंसुद्धा नाही. आपांना दिसलं. त्यांनी त्यातला अर्धा चहा आपल्या वाटीत ओतून घेतला.

आता काय करायचं ते कळव. पाणी उकळून पी.

जिपारा


ड्रिलिंग तळ, ४ मे १९८४

जिपारा,

पत्र पाण्याच्या टँकरबरोबर आलं. आम्ही एकशे चाळीस मीटर खाली गेलोय, पण जे शोधतोय ते अजून लागलेलं नाही. तिने एकवीस पावलं टाकली आणि मी एकही बघितलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

मी स्वतः असाच वाढलो हे तुला माहीत आहे. थोरल्या आपांच्या कुशीत झोपायचो, त्यांनाच आपा म्हणायचो. गावातली बाकीची मुलं आईला आपा म्हणतात. माझी आई त्याच घरातली धाकटी सून होती, काका मंडळी तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनी. मला काही कमी पडलं नाही. वहिनीलाही काही वाटत असेल असं कधी दिसलं नाही. उन्हाळाभर ती मेंढरांबरोबर वर असायची. शरदात खाली उतरली की बाकीचे माझे गालगुच्चे घ्यायचे, ती आधी माझ्या बुटांकडे बघायची. कडक बाई. म्हणून मी शब्द देऊन टाकला, मला वाटलं यात एवढं काय.

तू सरळ लिहिलंस म्हणून मीही सरळ लिहितो. अतांसमोर जाऊन शब्द मागे घ्यायची माझी छाती नाही. पण मी इथे तीनशे किलोमीटरवर आहे. पोर चालते की रांगते ते मला इथून दिसत नाही. तू त्यांना जे लिहिशील ते मी खोटं पाडणार नाही. बारा जूनला मेंढरं वर गेली की सप्टेंबरपर्यंत आपल्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल.

वाटी भरलेली मला खरंच दिसली नव्हती.

तालाय


फ्रुन्झे, १३ मे १९८४

आपा आणि अता यांना सलाम.

एप्रिलचं पत्र राहून गेलं, माफ करा. खोलीला रंग दिला, त्यात दिवस गेले.

वय दहा महिने पंचवीस दिवस. वजन नऊ किलो. दात सहा. रांगते. आता पुढे रांगता येतं, वेग चांगला आहे. धरून उभी राहते, हात सोडला की बसते. नर्सबाई म्हणाल्या, काही मुलं उशिरा चालतात, काळजीचं कारण नाही.

नवीन सवय अशी की घरात सापडेल ते उचलून माझ्या बुटात टाकते. काल एका बुटात चमचा आणि दुसऱ्यात अर्धा बटाटा होता. मी तशीच कामाच्या चौकशीला गेले, बटाटा रस्त्यात कळला. सकाळी उठल्याबरोबर क्लावा मावशींकडे जाते आणि दोन्ही हातांनी त्यांचं दार वाजवते. मावशी दार उघडून आधी समोर बघतात आणि मग खाली.

अतांचे बूट फार आवडतात. काढायला गेलं की रडते.

जिपारा


काराबुलाक, २५ मे १९८४

सूनबाई,

पत्र वाचलं. अकरावा महिना संपला आणि पोर हात सोडून उभी राहत नाही, हे बरं नाही. जुमाशबरोबर मेंढीच्या नळीच्या हाडातली मज्जा पाठवतेय, बाटलीत आहे. सकाळ संध्याकाळ गुडघ्यांना आणि घोट्यांना चोळ, वरून खाली. शहरात कुठे स्वच्छ वाळू असेल तर ऊन असताना तीत उभी कर. कुणाची नजर लागली असेल का? तुझ्या कारखान्यातल्या बायका येऊन 'अगं बाई, किती गोरी' म्हणतात का? त्यांना सांग, काळी आहे म्हणावं.

अता म्हणतात, मोठ्या डॉक्टरला कंबर दाखवा. इथे सायमाची मुलगी तीन वर्षं चालली नाही, चालली ती लंगडत. तसं काही नसेल. पण मला परवापासून जेवण जात नाही. लपवण्यासारखं काही असेल तर लपवू नकोस, पायाने कशीही असली तरी ती आमचीच आहे.

बूट लहान झाले असतील. जुने जुमाशबरोबर परत पाठव, वर जायच्या आधी अता नवे कापून ठेवतील. मापाला जुनाच बूट लागतो. कागदावर काढलेली रेघ खोटं बोलते.

बुरुल


फ्रुन्झे, ५ जून १९८४

तालाय,

आपांनी मापासाठी जुने बूट मागवले. मी ते उलटे करून बघितले. टाचा पार झिजल्या आहेत आणि पुढची टोकं नव्यासारखी. रांगणाऱ्या पोराचं उलटं असतं, हे सांगायला चामड्याचा कारागीर लागत नाही.

तेव्हा मी काय केलं ते ऐक. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, एकेका बुटात हात घातला आणि टोकं सिमेंटवर घासली. आठ मिनिटं. टाचांना मेण चोळून चमकवलं. क्लावा मावशी बाजारातून वर येत होत्या. म्हणाल्या, काय चाललंय? म्हटलं, बूट धुतेय. त्या म्हणाल्या, पाणी विसरलीस.

बूट आज जुमाशकडे दिले.

आपांनी पाठवलेली मज्जा मी रोज दोन वेळा बेर्मेतच्या गुडघ्यांना चोळते. का, ते विचारू नकोस. चोळून झालं की ती उठून पळते. आपांना जेवण जात नाही, असं त्यांनी लिहिलंय. मला लाज वाटते. लाज वाटते तरी पोर द्यायचं नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि नोंदवहीत असा रकाना नसतो.

सात दिवस उरले.

जिपारा


वरचं कुरण, २० जुलै १९८४

जिपारा,

हे पत्र लिहायला मला चाळीस दिवसांच्या वर लागले. पुरवठ्याची गाडी तीनदा आली आणि तीनदा माझ्या पत्राशिवाय गेली. मधे तुझीही तीन आली. तिन्हीत पोर कशाला ना कशाला धरून उभी.

बूट सात जूनला मिळाले. अतांनी टोकं बघितली आणि म्हणाले, पोर रांगत रांगत चीनपर्यंत जाऊन आली की काय! ते भोळे आहेत. टोकं सरळ रेघांनी झिजली होती, कानशीने घासावी तशी. पोर असं सरळ रेघेत रांगत नाही, सूनबाई. पण तेही मी नंतर बघितलं. मी आधी बाहेरून बघितलंच नाही, हात आत घातला.

आत टाचेचा खळगा होता. अंगठ्याचा होता, आणि चार बोटांचे चार. पोर चालल्याशिवाय असे खळगे पडत नाहीत. चांगले दीड महिन्याचे होते. तू बाहेरून सगळं नीट केलंस, आत बघायचं तुझ्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच येत नाही.

माझ्या कसं आलं ते सांगते. तालाय याच कुरणावर चालला, पंचवीस वर्षांपूर्वी. मी एकोणीस वर्षांची होते. सासूबाईंची अट हीच होती, दोर कापला की पोर माझं. मी अकरा दिवस लपवलं. त्यांचा घोडा दिसला की तालायला खाली बसवायची आणि माझ्या डोक्याच्या रुमालाचं टोक त्याच्या पायाला बांधायची. बाराव्या दिवशी त्या साखरेचा खडा घेऊन आल्या आणि हा रुमालासकट उठून त्यांच्याकडे चालत गेला. त्याच आठवड्यात दोर कापला. तू तीन महिने लपवलंस. माझ्यापेक्षा बरी आहेस.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. मला मात्र त्याच्याकडे डोळे भरून बघायची सोय नव्हती. सासूसमोर आपलं पोर कुरवाळणारी सून म्हणजे बेशरम. पण दर वर्षी मापासाठी त्याचे जुने बूट माझ्या हातात यायचे. तंबूत कुणी नसलं की मी आत हात घालून बसायची. या वर्षी खूप पळालाय. डाव्या पायावर जोर देतो. उजव्या अंगठ्याला काहीतरी लागलं होतं, कुणी मला सांगितलं नाही. हे सगळं मला बुटांनी सांगितलं. तो मला वहिनी म्हणायचा, अजून म्हणतो. त्याच्या बहिणी मला आपा म्हणतात. पण त्याच्या घरातून मला आपा म्हणून हाक आली ती तुझ्या पत्रांत.

मग एवढं कळत असून मी तुझं पोर का मागितलं? मला वाटलं, आता माझी पाळी. झऱ्यावर पाण्याला उभी असलेली बाई पुढच्या बाईची पाठ बघत राहते. तिची पाळी आली की ती बादली लावते, मागे कोण उभं आहे ते बघत नाही. तू वाटी काठोकाठ भरलीस तेव्हा मी मागे बघितलं होतं. बघूनही बादली लावली. ते माझं चुकलं.

तालायचा शब्द मी परत करते. अतांना सांगितलं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी मीठ मागितलं, म्हणजे मिटलं. नातीसाठी चाळीस तुकड्यांची गोधडी शिवून गावभर दाखवून झाली आहे, बायका विचारतील. विचारू देत. मला वाईट वाटतंय. फार वाटतंय, आणि लिहिलं म्हणून कमी होत नाही.

एक राग मात्र आहे. पोर लंगडी निघते की काय, या भीतीत तू मला दोन आठवडे ठेवलंस. एक चांगली मेंढी त्या मज्जेत गेली. हे माझ्याशी पुन्हा करू नकोस. आणि काय गं, दोन्ही हातांनी दार वाजवणारं पोर रांगत होतं म्हणे! कपाळावर उभं राहून वाजवत होतं का?

पत्रं थांबवू नकोस. तालाय पहिल्यांदा कशाला घाबरला, पहिला शब्द कुणाला म्हणाला, मला माहीत नाही. बूट तेवढं सांगत नाहीत, तुझी नोंदवही सांगते. फक्त खरी लिही. सप्टेंबरअखेर दोर घेऊन मीच येते, तिथेच कापू. नवे बूट सोबत आहेत. माप चालणाऱ्या पायाचं आहे.

बुरुल


फ्रुन्झे, ५ ऑगस्ट १९८४

आपांना सलाम.

आधीच्या पत्रांतल्या चुका दुरुस्त करते.

१३ मेच्या पत्रात 'रांगते' आहे, तिथे 'चालते' असं समजावं. पहिलं पाऊल २२ एप्रिलला, दुपारी चार वाजता, पलंगापासून स्टुलापर्यंत. खोलीला रंग दिलेला नाही. नर्सबाई उशिरा चालण्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या होत्या, ही पोर पळते, खिडकीला जाळी लावा. जून आणि जुलैच्या तिन्ही पत्रांतलं 'धरून' खोडून टाकावं. बटाट्याची हकिकत खरी आहे.

पहिल्यांदा घाबरली ती नऊ जूनला, क्लावा मावशींच्या शिट्टीच्या किटलीला. पहिला शब्द 'नाही'. तो मला उद्देशून होता. मी कामावर जाते तेव्हा मावशी तिला सांभाळतात. मी जिन्यावरून वळून बघते तेव्हा ती माझ्याकडे बघत नसते, मावशींच्या किटलीकडे बघत असते. रडत नाही. मीच थोडी रडते, ट्रॉलीबसचा थांबा येईपर्यंत.

तुमचं पत्र मी तुम्हाला न विचारता तालायला पाठवलं. हीसुद्धा चूकच, पण ती दुरुस्त करणार नाही.

आपा, माझी आई मी सहावीत असताना गेली. आपा म्हणून मी तुम्हालाच लिहीत होते. खोटं लिहीत होते तेव्हाही.

जिपारा


फ्रुन्झे, ७ ऑक्टोबर १९८४

या पत्राला मायना नाही. तीन कागद त्यातच गेले. जिपारा म्हणाली, मजकूर लिही, मायना मागाहून सुचेल.

तुम्ही सुखरूप पोचलात हे जुमाशकडून कळलं. गेल्या रविवारचं सगळं तुम्ही बघितलंच आहे, पण अता गुडघ्यामुळे आले नव्हते, त्यांना वाचून दाखवा. अंगणात अकरा मुलं होती आणि नियम एकालाही माहीत नव्हता. क्लावा मावशींनी 'पळा' म्हणायच्या आधीच निम्मी पळाली, दोन उलट्या दिशेने. पहिली आली ती दुसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी. तिच्या हातात सुरी तुम्हीच दिलीत. दोर कापला गेला. एका बाजूला जिपारा, एका बाजूला तुम्ही, दोघी हात पसरून बसलेल्या, आणि दोघींपैकी कुणीच हाक मारत नव्हतं. बेर्मेत दोघींच्या मधून कलिंगडाकडे गेली. सगळे हसले. मला जरा वेळाने हसू आलं.

बसच्या थांब्यावर मला तुमच्याशी बोलायचं होतं. बस चाळीस मिनिटं उशिरा आली, आपण एका बाकावर बसलो होतो, आणि मी तुम्हाला ड्रिलिंगच्या यंत्राची माहिती दिली. तुम्ही सगळी ऐकून घेतलीत. शेवटी विचारलंत, पाण्याने धुता का ते.

जुलैचं पत्र तळावर माझ्या खिशात दोन महिने होतं. मी तुम्हाला बुटांकडे बघणारी कडक बाई समजत होतो. पण तुम्ही त्यात एक गोष्ट लिहिली नाहीत. दर शरदात मला नवे बूट मिळायचे, त्यांच्या आत उजव्या अंगठ्याखाली मऊ लोकरीचा एक तुकडा शिवलेला असायचा. लहानपणी तो अंगठा दगडाखाली सापडला होता, थंडीत ठणकायचा. मला वाटायचं, सगळ्याच बुटांत तसा तुकडा असतो. काल बाजारात बेर्मेतसाठी चार जोड बघितले, चारही जोडांत हात घालून. नसतो.

बेर्मेतचं वय पंधरा महिने एकोणीस दिवस. वजन दहा किलो आठशे. शब्द सात, त्यातला एक तुमच्या घोड्याचा आवाज, तुम्ही शिकवलेला. पाळणा आता क्लावा मावशींकडेच राहिला, कोबीसकट. परवा तिने माझ्या बुटात कुरुतची गोळी टाकली. मी ती काढली नाही, तसाच कामावर गेलो. ठेवायचीच असेल तर ठेवू दे, म्हटलं.

अतांनी जुलैत शिवलेले बूट तिला लहान झाले. जुमाशबरोबर पाठवतोय. टोकं कुणी घासलेली नाहीत. अतांना सावकाश माप घेऊ दे, घाई नाही. आधी तू आत हात घालून बघ, आपा.

तालाय